ते माझं दान नाही

आमच्या मंडळीत नवीन माणूस आला की पाळकसाहेब त्याचं नाव विचारायचे आणि आबा त्याची उंची घ्यायचे. घ्यायचे म्हणजे नुसत्या नजरेने. चर्चच्या दाराशी उभं राहून त्याला डोक्यापासून चपलांपर्यंत एकदा बघायचे आणि पुटपुटायचे, "पाच फूट सहा. खांदा रुंद शे." मंडळीच्या शवपेट्या हाच म्हातारा करतो, हे त्या माणसाला मागाहून कळायचं आणि पुढच्या रविवारी तो बाजूच्या दाराने आत शिरायचा. खुद्द पाळकसाहेब बदली होऊन आले, तेव्हा आबांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, एक पाऊल मागे सरकले आणि म्हणाले, "पाच चार." पाळकीणबाई त्यानंतर कितीतरी दिवस आबांशी बोलल्या नाहीत.

मला या माणसाचा फार राग यायचा. अजूनही येतो. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मीही गाव सोडलं, तरी त्यांची आठवण आली की आधी राग येतो आणि बाकीचं नंतर. त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे हे मला कळतं. पण उरलेला निम्मा त्यांच्यावरच आहे आणि त्यांना मी माफ करणार नाही.

चाळीसगावला रेल्वेत सुतारकीची नोकरी करून ते आमच्या गावात येऊन राहिले होते. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. खाकी शर्टाच्या खिशात मापाची घडीची पट्टी आणि कानावर पेन्सिल, ती रविवारीसुद्धा. चर्चमध्ये आम्ही सगळे जपून शुद्ध बोलायचो. आबा मात्र पाळकांशी, दवाखान्यातल्या डॉक्टरांशी, पाहुण्या बिशपांशीही अहिराणीतच बोलायचे आणि सगळ्यांना एकजात 'तू' म्हणायचे. देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला कुणी उभा राहिला आणि लांबला, की मागच्या बाकावरून पट्टीचा टकटक आवाज यायचा. तिसऱ्या टकटकीला माणूस खाली बसायचा.

जळगाव आणि धुळ्याच्या मधलं आमचं गाव. ख्रिस्ती घरं चाळीस-पन्नास. गावात कोणी मेलं तर शवपेटी विकत देणारा नाही, खड्डा खणून देणारा नाही, काही नाही. सगळं मंडळीनेच करायचं. आबा यायच्या आधी ते कसं व्हायचं हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. दहा जण कापड आणायला धावायचे आणि खड्डा अर्धाच राहिलेला असायचा. आबांनी पहिल्या अंत्यविधीलाच हा गोंधळ बघितला आणि सगळ्यांदेखत ओरडले, "रडाले बठ्ठा येतस. खणाले कोन येस?" बठ्ठा म्हणजे सगळे.

मग त्यांनी फळा केला. देवाने प्रत्येकाला वेगळं काही दिलेलं असतं, कुणाला बोलणं, कुणाला शिकवणं, कुणाला सेवा करणं, आणि सगळ्यांचं मिळून एक शरीर होतं, हे कृपादानांवरचं प्रवचन आमच्याकडे वर्षातून तीन-चारदा तरी व्हायचं. बाकीचे ते ऐकून घरी जेवायला जायचे. आबांनी ते फळ्यावर लिहिलं. चर्चच्या मागच्या खोलीत काळा रंग दिलेली फळी ठोकली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने एकेक काम आणि त्याच्यापुढे नाव. शवपेटी, त्यांचं स्वतःचं. खड्डा, दोन भावांचं. कापड, मंडळीच्या सेक्रेटरींच्या पत्नीचं, त्यांना आम्ही वहिनी म्हणायचो. फुलांचा क्रूस, कंपाउंडरच्या बायकोचं. चहा, पाळकीणबाईंचं. गाणी, माझं. मी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, हार्मोनियम वाजवायचे आणि माझा आवाज बरा होता. आणि 'आंघोळ', म्हणजे बाईमाणूस गेलं तर तिला धुऊन साडी नेसवणं, त्याच्यापुढे शेवंताबाईचं.

कुणाचं दान काय हे आबा ठरवायचे. ते तसे चुकत नसत, हेच तर वाईट. चांगल्या सुताराला लाकूड कळतं तशी त्यांना माणसं कळायची. जो भाऊ मिटिंगमध्ये नुसता वाद घालायचा त्याला त्यांनी खड्ड्यावर घातला आणि तो दोन तासांत सहा फूट खणू लागला. आणि एकदा नाव लागलं की दुसऱ्या कामाला हात लावायची सोय नव्हती. चर्चच्या सफाईच्या दिवशी मी हौसेने झाडू उचलला, तर म्हाताऱ्याने तो माझ्या हातातून हिसकावून घेतला. "तुना गळा देवनी देयेल शे. दुसराना काममां हात घालू नको." डॉक्टर बाक उचलायला आले, तर त्यांनाही हाकललं. "कंबर मोडी तर बठ्ठास्ले कोन बघी?" डॉक्टर हसत हसत बाजूला झाले. मीही वरवर चिडले, पण आतून मला बरं वाटलं होतं. धुळीने माझा घसा बसला असता. झाडू दुसऱ्या कुणाच्या हातात गेला, तो कुणाच्या, हे मी बघितलंही नाही. बहुतेक शेवंताबाईच्याच.

शेवंताबाई साक्रीकडच्या डोंगरातली. नवरा गेल्यावर कामाच्या शोधात आली आणि दवाखान्यात आया म्हणून लागली. रंगाने काळी, हातांवर कोपरापर्यंत गोंदण, सहीच्या जागी अंगठा. चर्चमध्ये बायकांच्या बाजूला अगदी मागे, भिंतीला टेकून बसायची. कुणाच्या घरी मयत झालं की ती न बोलावता यायची, पदर खोचायची, आत जायची आणि दार लावून घ्यायची. तासाभराने दार उघडलं की आतली बाई झोपल्यासारखी दिसायची. माझ्या आईला तिनेच धुतलं. आईचे केस तिने इतके नीट विंचरले होते की आई आजारी पडायच्या आधी तशी दिसायची. मी शेवंताबाईचे दोन्ही हात धरून रडले होते. आणि त्यानंतर नाताळला तिच्याकडे करंज्याही पाठवल्या, असं मला वाटतं. नक्की आठवत नाही.

मे महिन्यात एका सकाळी शेवंताबाई गेली. आठ-दहा दिवसांचा ताप. दवाखान्यातून परवानगी काढून आदल्या दिवशी ती आपल्या खोलीवर आली होती. पत्र्याची खोली, समोर ओटा, शेजारी सोनाबाई नावाच्या शेतकरी बाईचं घर. खानदेशातला मे. नऊ वाजताच पत्रा हात लावू देत नव्हता. आबांनी बर्फाच्या लाद्या आणून भुशात ठेवल्या आणि सांगितलं की तीनच्या आत मातीला गेलीच पाहिजे. तिच्या माहेरच्या गावाला दिवसातून एक बस, तिथून कोणी येणं शक्य नव्हतं. खड्डावाले भाऊ कुदळी घेऊन गेले. कापड निघालं. फुलं निघाली. आणि मग फळ्यावरच्या त्या एका ओळीपाशी सगळं अडलं, कारण तिथे जिचं नाव होतं तीच मेली होती.

आबा आधी वहिनींकडे गेले. वहिनी म्हणाल्या, "आबा, मी कापड शिवते. ते माझं दान नाही. तुम्हीच लिहिलंय." कंपाउंडरच्या बायकोने फुलं दाखवली. पाळकीणबाई म्हणाल्या की चहाचं आधण ठेवलंय. आणि साडेदहाच्या सुमाराला म्हातारा माझ्या दारात आला. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला.

"तिले आंघोय कोन घाली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आबा, दवाखान्यातल्या एखाद्या नर्सला सांगा ना."

"नर्सा ड्युटीवर शेत. तू चल."

"मला जमणार नाही," मी म्हटलं. "ते माझं दान नाही."

हे मी म्हटलं. दुसऱ्या कुणाचं ऐकून म्हटलं असं नाही, माझं मलाच सुचलं आणि मला ते फार सोयीचं वाटलं. आबांना रागावलेलं मी हजार वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी ते रागावले नाहीत. माझ्याकडे नुसते बघत राहिले, आणि या वेळी ती नजर उंची मोजायची नव्हती. मग म्हणाले, "तुनी मायले तिनीच धुयेल व्हतं," आणि निघून गेले.

त्यानंतर मी काय केलं ते सांगते, म्हणजे माझ्या रागाचं कारण कळेल. मी दार लावलं, पंखा लावला, भजनांचं पुस्तक काढलं आणि शेवंताबाईच्या अंत्यविधीला कोणती गाणी घ्यायची त्याची यादी करत बसले. तीन गाणी निवडली. तिसरं बदलून वेगळं घेतलं, कारण आधीच्याची चाल फार वर जाते आणि उन्हात गळा तिथे पोचत नाही. तासभर मी हे करत होते. तिकडे बर्फ वितळत होता.

बारा वाजता यादी दाखवायला मी तिच्या खोलीवर गेले. मंडळीच्या सगळ्या बायका ओट्यावर सावलीला बसल्या होत्या. कापड शिवून तयार होतं, फुलांचा क्रूस ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता, चहाची किटली आली होती. प्रत्येकीने आपापलं काम चोख केलेलं होतं आणि आत ती बाई रात्रीच्याच लुगड्यात पडून होती. वास यायला सुरुवात झाली होती. एक-दोघींनी नाकाला पदर लावला होता. समोर लिंबाखाली आबा शवपेटीला खिळे मारत होते आणि कोणाकडेही बघत नव्हते.

तेवढ्यात सोनाबाई शेतावरून आली. डोक्यावर चाऱ्याचा भारा. तिने तो टाकला, ओट्यावरच्या गर्दीकडे बघितलं, उघड्या दारातून आत बघितलं आणि विचारलं, "आजून आंघोय नही व्हयनी?"

वहिनींनी तिला समजावून सांगितलं की आमच्यात त्याची एक पद्धत आहे, प्रत्येकाची कामं ठरलेली असतात. सोनाबाईने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती मनी शेजारीन व्हती. आनखी काय लागस? पानी कोठे शे?"

ती आत गेली. देवपूजा करणारी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावणारी बाई आमच्या मयताला हात लावायला आत गेली, आणि आम्ही एका शरीराचे अवयव बाहेर बसून राहिलो. आतून तिचा आवाज आला, "एकली कशी उलटू? कोनी तरी धरा ना, माय!"

मी यादी ओट्यावर ठेवली आणि आत गेले. प्रेमाने गेले असं म्हणायची माझी छाती नाही. लाजेने गेले. त्या हाकेनंतर बाहेर बसणं जास्त अवघड झालं होतं म्हणून गेले.

आत अंधार आणि भट्टीसारखी धग. मला कुठून सुरुवात करायची तेही कळेना. सोनाबाई सांगत गेली, तसं मी करत गेले. खांद्याखाली हात घालून धरायचं, पाणी हळू सोडायचं, बोटं एकेक करून उघडायची. तिच्या पायांना इतक्या भेगा होत्या की माती निघता निघेना. सोनाबाई मध्येच थांबून म्हणाली, "तुम्हनामां या वखतले काय म्हनतस? काहीतरी म्हनत असतीन ना."

मला सांगता येईना. पाळक काय म्हणतात ते मला ठाऊक होतं, कबरीपाशी काय गातात ते ठाऊक होतं. पण या बंद खोलीत काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. वीस वर्षं शेवंताबाई दार लावून एकटी आत असायची. ती देवाचं नाव घ्यायची, आपल्या डोंगरातलं काही गुणगुणायची, की गप्प राहायची, हे आमच्यातल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. तिच्याबरोबर आत कधी कोणी थांबलंच नव्हतं. मी सोनाबाईला म्हटलं, "काही नाही म्हणत." मग आम्ही दोघींनी तिला नेसवलं.

तीनच्या आत माती झाली. मी गायले. आवाज नेहमीसारखाच लागला, याचाही मला राग आला.

संध्याकाळी मी चर्चच्या मागच्या खोलीत गेले. आबा एकटेच स्टुलावर बसले होते. मी आयुष्यात कधी वडीलधाऱ्या माणसावर ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले.

"तिला हे काम तुम्ही का दिलंत?"

"तिना हात चांगला व्हतात," आबा म्हणाले.

"हात चांगले होते म्हणून, की ती नाही म्हणणार नाही हे ठाऊक होतं म्हणून? वहिनींचे हात वाईट आहेत? माझे वाईट आहेत? आम्हाला ज्याची किळस येते ते तुम्ही डोंगरातल्या बाईच्या माथी मारलंत आणि त्याला देवाचं नाव दिलंत. आणि आम्ही सगळ्या खूश, कारण आम्ही सुटलो!"

मला वाटलं आता पट्टी आपटतील, मला हाकलून देतील. मला तेच हवं होतं. पण ते उठले, रॉकेलच्या डब्यात फडकं बुडवलं आणि फळ्यावरची नावं पुसायला लागले. कामं तशीच ठेवली, फक्त नावं पुसली. स्वतःचं पहिल्यांदा. शेवंताबाईचं सगळ्यांत शेवटी.

"नाव लिखं का बाकीना सुटी जातस," ते म्हणाले. "माले समजाले जोयजे व्हतं."

मी म्हटलं, "हो, समजायला हवं होतं." आणि घरी आले. माझं समाधान झालं नाही. एवढं हुशार माणूस, नजरेने इंचाचा हिशेब सांगणारं, त्याला एवढी साधी गोष्ट कळायला ती बाई मरावी लागली. आणि माझ्यासारखीला कळायला तर शेजारची सोनाबाई यावी लागली.

नावं पुसल्याने मंडळी बदलली असं कोणी समजू नये. नावं सगळ्यांना पाठच होती. त्याच वर्षी नाताळच्या आधी वहिनींच्या सासूबाई गेल्या. म्हातारी भरल्या घरात, नातवंडांत गेली. सकाळीच सेक्रेटरींचा निरोप आला, 'बाई, लगेच या.' मला वाटलं, गाणी ठरवायची असतील. मी पुस्तक घेऊन गेले.

वहिनी ओसरीवर बसल्या होत्या, भोवती मंडळीच्या सगळ्या बायका. मला बघून त्या डोळे पुसत म्हणाल्या, "बरं झालं बाई तुम्ही आलात. पाणी तापवून ठेवलंय. तुम्हाला आता येतं ना हे. शेवंताबाई गेल्या, पण देवाने लगेच तुम्हाला ते दान दिलं बघा."

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. इतक्या प्रेमाने, इतक्या सहज त्यांनी माझं नाव त्या रिकाम्या जागी बसवलं होतं. मी पुस्तक खाली ठेवलं, दाराशी ठेवलेली बादली उचलली आणि वहिनींच्या पुढ्यात ठेवली.

"चला," मी म्हटलं. "सासू तुमची आहे. मी धरते, पाणी तुम्ही घाला."

"मला नाही हो जमायचं," वहिनी म्हणाल्या. "मला भीती वाटते. मी कापड शिवते ना, ते माझं..."

अंगणात आबा शवपेटी ठोकत होते. सकाळपासून तो आवाज इतका सारखा चालला होता की कोणाच्या लक्षातही नव्हता. तो थांबला. आबा हातोडा धरून उभे होते. आता सगळ्या ओसरीला वहिनींचं वाक्य ऐकू येत होतं, आणि वहिनींनाही. त्यांनी ते पुरं केलं नाही.

त्या उठल्या. आत आल्या. मी दार लावून घेतलं. त्यांनी पहिला तांब्या सासूच्या पायांवर ओतला आणि तिथेच बसून हुंदके देऊन रडायला लागल्या. मला त्यांची दया आली नाही. राग तसाच होता, तो आजही आहे. मी म्हातारीला खांद्याखाली धरून ठेवलं आणि म्हटलं, "रडत रडत घाला वहिनी, पण घाला. केसही धुवायचेत."